एका खड्ड्यात हजारो साप

प्रश्न : कॅनडात वसंत ऋतूत एकाच खड्ड्यातून हजारो साप बाहेर पडतानाची छायाचित्रे पाहण्यात आली. हे साप कोणते, ते एकत्र का जमतात आणि ते विषारी असतात का?

उत्तर : अशा छायाचित्रांसाठी सर्वांत प्रसिद्ध असलेले ठिकाण म्हणजे मॅनिटोबा प्रांतातील नार्सिस. तेथील साप गार्टर साप या नावाने ओळखले जातात आणि त्यांचे शास्त्रीय नाव थॅम्नोफिस सिर्टॅलिस असे आहे. उन्हाळ्यात हे साप दलदलीच्या प्रदेशात विखुरलेले असतात आणि मुख्यतः बेडकांवर गुजराण करतात. हिवाळ्यात मात्र जमीन खोलवर गोठते, सापाला स्वतः बीळ खणता येत नाही, आणि गोठणथराच्याही खाली उतरणाऱ्या चुनखडकातील भेगा मोजक्याच ठिकाणी असल्यामुळे कित्येक किलोमीटर परिसरातील साप शरद ऋतूत त्याच त्या खड्ड्यांकडे परततात. या वाटेवरचा महामार्ग ओलांडताना पुष्कळ साप वाहनांखाली चिरडले जात, म्हणून तेथे रस्त्याखालून बोगदे काढून कडेला कुंपणे घालण्यात आली आहेत.

एप्रिलच्या अखेरीस आधी नर बाहेर येतात आणि खड्ड्याच्या तोंडाशीच थांबून राहतात. माद्या मागाहून, थोड्या थोड्या संख्येने येतात. मादीच्या त्वचेवरील गंधद्रव्य नर जिभेने टिपतो, आणि पाहता पाहता एकाच मादीभोवती अनेक नरांचा गुंता तयार होतो. काही नरांच्या अंगालाही बाहेर आल्यावर पहिले एक-दोन दिवस मादीसारखा गंध येतो. इतर नर फसून त्यांना विळखे घालतात आणि थंडीने आखडलेल्या त्या नराला आयतीच ऊब मिळते, असे अभ्यासकांचे मत आहे. ही युक्ती मला साऱ्या प्रकारातील सर्वांत विलक्षण भाग वाटते.

गार्टर साप अंडी घालत नाही. मादी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात जिवंत पिल्लांना जन्म देते. त्यांची संख्या सामान्यतः 10 ते 40 असते. थंड प्रदेशात ही पद्धत सोयीची ठरते, कारण गार मातीत पडून राहणाऱ्या अंड्यांपेक्षा उन्हात जाऊन अंग तापवणाऱ्या आईच्या पोटातील गर्भ लवकर वाढतात. जन्मानंतर मात्र आई पिल्लांकडे पाहतही नाही.

विषाविषयी सांगायचे तर या सापाच्या लाळेत सौम्य विष असते, पण त्यापासून माणसाच्या जिवाला धोका नसतो. पकडल्यास तो चावण्यापेक्षा दुर्गंधीयुक्त स्राव सोडण्याचीच शक्यता अधिक. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील काही गार्टर साप मात्र तेथील न्यूट नावाचा, टेट्रोडोटॉक्सिन हे घातक विष बाळगणारा उभयचर प्राणी खाऊन पचवतात. चेतापेशींतील सोडियम मार्गिकांत, म्हणजे सोडियमचे कण पेशीत शिरण्याच्या वाटांत, झालेल्या जनुकीय बदलांमुळे त्यांना हे विष बाधत नाही. उलट ते काही आठवडे त्यांच्या यकृतात साठून राहते, त्यामुळे तेवढ्या काळात अशा सापाला खाणाऱ्या प्राण्यालाच अपाय होऊ शकतो.