गाणं ऐकून भरून येतं, पण पुढे काय?

या वेळी ख्रिस्ती गाण्यांवरच बरीच पत्रं आलीयत, त्यातली चार घेतेय. बाकीच्यांचं म्हणणं साधारण याच्याच आसपास आहे, त्यामुळे वेगळं उत्तर नाही दिलं म्हणून रागावू नका.

प्रश्न : ताई, मी दिवसभर वर्शिप साँग्ज ऐकतो, प्रवासात, काम करताना, झोपतानासुद्धा. ऐकताना एकदम भरून येतं, देव अगदी शेजारी बसलाय असं वाटतं. पण गाणं संपलं की अर्ध्या तासात मी परत तोच, तीच चिडचिड, बायबल उघडायचा तोच कंटाळा. मग हा माझा विश्वास आहे की मला नुसतं म्युझिक आवडतं?

खरं सांगू का, दोन्ही असेल, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अंगावर काटा कुठल्याही चांगल्या गाण्याने येतो. सगळी वाद्यं थांबली, एकच आवाज उरला आणि मग सगळे एकदम सुरू झाले की तो येतोच, गाणं देवाचं असो नाहीतर सिनेमाचं. मी स्वतः वीसेक वर्षं क्वायरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात, गायलेय आणि कुठल्या ओळीला लोक डोळे पुसणार हे आम्हाला प्रॅक्टिसलाच कळायचं (हे गुपित फोडल्याबद्दल जुन्या सोबत्यांनी माफ करावं). म्हणजे ते पाणी खोटं असतं असं नाही हं, पण त्यावरून विश्वास मोजायला गेलं की फसगत होते, कारण मग ज्या दिवशी भरून येत नाही त्या दिवशी देव गेला असं वाटायला लागतं.

तुमच्या या प्रश्नाने जुन्या काळातल्या मोठ्या ख्रिस्ती विचारवंताला, संत ऑगस्टीनलाही छळलंय. 387 साली मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, तिथल्या मंडळीचं, म्हणजे चर्चमध्ये जमणाऱ्या लोकांचं, गाणं ऐकून तो रडायचा, आणि त्या रडण्याने मला बरं वाटलं असं त्यानेच आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलंय. पण त्याच पुस्तकात पुढे तो हेही कबूल करतो की कधीकधी गाण्याच्या शब्दांपेक्षा गाणंच मला जास्त हलवतं, तेव्हा माझं चुकतंय, त्यापेक्षा ते गाणं ऐकलंच नसतं तर बरं. इतकं होऊनही मंडळीत गाणं असावं याच बाजूला तो शेवटी झुकतो. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसालाही हे कोडं पुरतं सुटलं नव्हतं, तुम्ही आम्ही कशाला एवढं मनाला लावून घ्यायचं.

आता करायचं काय? माझं स्पष्ट मत, तुम्ही फार ऐकताय आणि फार कमी गाताय. दिवसाला चाळीस गाणी कानावरून गेली तर एकही आत उतरत नाही, आणि चिडचिडीच्या वेळी हाताशी यायला काहीतरी आत असावं लागतं ना. एक गाणं घ्या, आठवडाभर तेच. पहिल्या दिवशी चाल बाजूला ठेवा आणि नुसते शब्द मोठ्याने वाचा, चिठ्ठी वाचतो तसे. काही गाणी इथेच गळतात, चाल काढली की खाली काही उरतच नाही, आणि काही अशी निघतात की चालीच्या नादात आपण इतकी वर्षं काय म्हणत होतो हेच कळलं नव्हतं. मग बघा की यात बोलतंय कोण, मी की आम्ही की देव, आणि हे पवित्र शास्त्रात कुठून आलंय. तो उतारा शोधायला बायबल उघडावंच लागतं, तुमचा तो कंटाळा असा मागच्या दाराने जातो. बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात प्रेषित पौल गाण्याबद्दल बोलतो तेही बघा, ख्रिस्ताचं वचन तुमच्यात भरपूर राहू द्या असं म्हणून लगेच एकमेकांना शिकवा, बोध करा आणि गा असं तो सांगतो, सगळं एकाच दमात.

आणि सगळ्यात अवघड भाग म्हणजे जी ओळ म्हणताना आपण चक्क खोटं बोलतोय असं वाटतं ना, तिथे थांबा. 'माझं सर्वस्व तुला' असं काहीतरी आपण मस्त सुरात म्हणून टाकतो आणि आदल्या दिवशी भावाशी जागेवरून भांडलेलो असतो. ती ओळ गाळू नका, तिथेच प्रार्थना करा की देवा हे मला अजून जमत नाहीये. गाण्याने विश्वास वाढतो तो माझ्या अनुभवात बहुतेक याच जागेवरून, भरून येण्याच्या जागेवरून कमी. नाहीतर आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात पाचव्या अध्यायात देव सरळ म्हणतो की तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर न्या, आणि पुढच्याच वचनात न्यायाबद्दल बोलतो.

अर्ध्या तासात परत तोच होतो म्हणालात ना, तर जॉन न्यूटनचं घ्या. 'अमेझिंग ग्रेस' हे प्रसिद्ध इंग्रजी भक्तिगीत लिहिणारा हा माणूस गुलामांच्या जहाजावर होता, 1748 मध्ये समुद्रात वादळात सापडला तेव्हा देवाकडे वळला असं सगळे सांगतात, पण त्यानंतरही तो कितीतरी वर्षं गुलामांच्याच व्यापारात राहिला, कप्तान झाला, हे सांगायचं मात्र राहून जातं. ते गाणं त्याने 1773 च्या नव्या वर्षाच्या उपासनेसाठी लिहिलं आणि त्या व्यापाराविरुद्ध जाहीरपणे लिहिलं ते 1788 मध्ये. हिशोब करा, चाळीस वर्षं. तुम्ही अर्ध्या तासाचं काय घेऊन बसलात!

प्रश्न : माझे वडील मागच्या वर्षी गेले. तेव्हापासून चर्चमध्ये आनंदाची गाणी सुरू झाली की माझं तोंडच उघडत नाही, सगळे टाळ्या वाजवतात आणि मला बाहेर पळून जावंसं वाटतं. माझा विश्वास कमी झालाय का?

नाही गं. तुझ्यावर जे गेलंय त्यात तोंड उघडलं नाही तर नाही उघडलं, उभी राहिलीस तेवढं पुरे. आणि थकलीस तर खाली बस.

स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी रडणारी, तक्रार करणारी आहेत, फक्त आपण ती गायला घेत नाही. तेराव्या स्तोत्रात सुरुवातीलाच 'कुठवर' असं चार वेळा विचारलंय. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी 'पण देव चांगला आहे' वगैरे काहीही जोडलेलं नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. वधस्तंभावर प्रभू येशूच्या तोंडी आलेले शब्द, माझ्या देवा तू मला का सोडलंस, तेही 22 व्या स्तोत्राची सुरुवातच. आणि 137 वं वाच, बाबेलमध्ये कैद करून नेलेली माणसं म्हणतात की आम्ही वीणा झाडांना टांगून ठेवल्या, परक्या देशात परमेश्वराचं गीत कसं गावं. आम्हाला गाता येत नाही हेच त्यांनी गायलंय बघ. तू सध्या तिथे आहेस.

तेव्हा आनंदाची गाणी राहू दे काही दिवस. रात्री यातलं एखादं स्तोत्र हळू आवाजात म्हण, चाल नसली तरी चालेल, रडू आलं तर अर्ध्यातच सोड. आणि चर्चमध्ये बाकीचे गातात तेव्हा ते तुझ्यासाठीही गातायत असं समज, मंडळी असते कशाला मग. जे पाळक किंवा क्वायरवाले हे वाचत असतील त्यांना पण एक विनंती, दर रविवारी सगळी गाणी टाळ्यांची नका ना घेऊ, समोर अशी कुणीतरी बसलेली असतेच.

प्रश्न : आमच्या घरात नेहमीचा वाद. मला जुनी गीतं लागतात, मुलांना गिटार-ड्रम्सवाली नवीन. जुन्यात जी खोली आहे ती नव्यात नाही हे तुम्ही तरी सांगा त्यांना.

नाही सांगणार! जुनं प्रत्येक गीत कधीतरी नवीन होतं आणि तेव्हाही कुणीतरी नाक मुरडलंच असेल. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1524 मध्ये लोकांच्या जर्मन भाषेत गीतं छापून घेतली ती लोकांनी स्वतः गावीत म्हणून. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं, म्हणून तर तो आपल्या जिभेवर बसला. 'अमेझिंग ग्रेस'ची आज सगळ्यांना पाठ असलेली चालसुद्धा त्या शब्दांना 1835 मध्ये लागली, न्यूटन जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. हां, एक मात्र खरं की जुन्यातली टाकाऊ गीतं केव्हाच गळून गेलीत आणि नव्यातली गळायला अजून वेळ आहे, त्यामुळे तुलना थोडी अन्यायाची होते. मुलांचं एक गाणं तुम्ही शिका, तुमचं एक त्यांना शिकवा, आणि दोन्हीचे शब्द वर सांगितलं तसे वाचून बघा. बघू कोण जिंकतं ते.

प्रश्न : मला सूरच नाही. शेजारचे वळून बघतात. मी नुसतं ऐकलं तर चालेल ना?

मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने 1761 मध्ये गाण्याबद्दल काही सूचना छापल्या होत्या. त्यात तो म्हणतो सगळ्यांनी गा, जड वाटत असेल तर तो क्रूस समजून उचला, आशीर्वाद मिळेल. त्याच सूचनांमध्ये ओरडू नका असंही आहे. तेव्हा गा, पण जरा हळू, आणि शक्यतो माझ्यासारखं मागच्या बाकावर बसून. मलाही आता वरचा सूर लागत नाही.