‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे कळवा की पूर्ववत करा?

प्रश्न असा आहे: ऑफिसच्या मेलमध्ये ‘रिव्हर्ट’ सगळेच ‘उत्तर द्या’ या अर्थाने लिहितात, कोशात मात्र वेगळंच दिसतं. बरोबर कोण, आणि असे शब्द शिकायचे कसे?

कोश बरोबर. रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीत, जुन्या सवयीवर किंवा मूळ मालकाकडे परत जाणं. रिप्लायशी त्याची सोयरीक आपल्या कचेऱ्यांनी जुळवली. नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात तर ती इतकी मुरलीय की साधं ‘रिप्लाय’ लिहिणारा नवखा वाटतो.

याने काय घोळ होतो बघा. महापेतल्या एका कंपनीला इंग्लंडच्या क्लायंटचा मेल आला, ‘प्लीज रिव्हर्ट द प्राइस चेंजेस बाय फ्रायडे.’ म्हणजे बदललेले दर शुक्रवारपर्यंत पूर्ववत करा. टीम लीडने अर्थ लावला, दरबदलाबद्दल शुक्रवारपर्यंत कळवा. गुरुवारीच कळवलं, वर झकास तक्ता जोडून. साइटवर नवे दर तसेच. सोमवारी क्लायंटने विचारलं, काम झालं का? लीडचं उत्तर, ‘वुई हॅव ऑलरेडी रिव्हर्टेड.’ क्लायंट निर्धास्त. महिनाअखेरीस बिलं जुळेनात तेव्हा दोघंही आपापला मेल पुरावा म्हणून दाखवत होते, आणि दोघांचंही इंग्रजी आपापल्या जागी बिनचूक!

या शब्दापुढे ‘टू’ येतो आणि ‘टू’नंतर जुनी स्थिती: ‘रिव्हर्ट टू द ओल्ड रेट.’ त्या हिशेबाने ‘आय विल रिव्हर्ट टू यू’ म्हणजे मी परत ‘तुम्ही’ होईन. ‘रिव्हर्ट बॅक’मधला ‘बॅक’ फुकट, ‘रि’मध्येच ‘परत’ आलं. सॉफ्टवेअरवाले मात्र ‘टू’शिवाय, थेट ‘चेंज रिव्हर्ट कर’ म्हणतात आणि तिथे ते बरोबर आहे. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये रिव्हर्ट केल्यावर जुना कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, पुसला जात नाही, त्याचा बदल उलटवणारा नवा कमिट वर चढतो. कायद्यातही हाच अर्थ. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने भूखंड 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. पट्टा संपून जमीन मूळ मालकाकडे ‘रिव्हर्ट’ होते असं कागदावर असेल, तर तिथे ‘कळवते’ हा अर्थ लावून बघा.

उत्तर हवं असेल तर ‘रिप्लाय’ किंवा ‘गेट बॅक टू मी’ लिहा. काय हवंय तेच लिहिलंत तर आणखी बरं: ‘प्लीज कन्फर्म द रेट बाय फ्रायडे.’ पूर्ववत करायचं असेल तर ‘रिस्टोअर’ किंवा ‘रोल बॅक’.

‘समोरच्याला कळतं ना, मग झालं,’ म्हणणारे साहेब प्रत्येक मजल्यावर सापडतात. कळतं ते ठाणे-वाशी लोकलमधल्या समोरच्याला. तो वरचा क्लायंट त्या गाडीत नव्हता.

एक मात्र आहे, काही कोशांनी आता ‘उत्तर देणे’ हाही अर्थ भारतीय वापर म्हणून नोंदवलाय. त्यामुळे साहेबांच्या मेलवर ‘रिप्लाय ऑल’ करून त्यांचं इंग्रजी सुधारायला जाऊ नका. मेल परदेशी जाणार असेल तेवढा पाठवण्याआधी बदलून घ्या.