कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीच्या वरच्या जंगलात वणवा लागला तर भोगावती नदीचं पाणी वाढतं की घटतं?

आधी वाढतं, पुढे घटेल की नाही, ते जंगल परत कसं उगवतं त्यावर. पानं जळाली की पाऊस झेलणारं नि मुळांनी पाणी ओढणारं कोणी उरत नाही. त्यात जळक्या पाचोळ्याचा मेणचट अंश मातीत बसला, तर पाणी मुरत नाही, राख-माती घेऊन थेट ओढ्याला लागतं. म्हणजे जादा पाणी येतं ते गढूळ, आणि तेही ऐन पावसाळ्यात. उन्हाळ्यात झऱ्याला त्याचा काय उपयोग? घटीचा सगळ्यात गाजलेला दाखला मेलबर्नच्या पाणलोटाचा: १९३९च्या वणव्यात तिथली माउंटन ॲश ही निलगिरीच्या कुळातली झाडं मेली, बियांतून दाट कोवळं रान उठलं, आणि त्या रानाने इतकं पाणी ओढलं की २०-३० वर्षांनी प्रवाह निम्म्याच्या आसपास आला. मात्र हा हिशोब राधानगरीच्या वरच्या दाजीपूरच्या जंगलाला तसाच लावू नका. आपल्याकडचा फेब्रुवारी-मेमधला वणवा बहुधा जमिनीलगत गवत-पाचोळ्यातून धावतो, मोठी झाडं बरीचशी वाचतात. जातो तो पाचोळ्याचा थर, आणि वळवाच्या पहिल्या सरीला उतारावरची माती उघडी पडलेली असते.