शिवी देतो सदस्य, घाम फुटतो ॲडमिनला

व्हॉट्सॲप ग्रुपवरची भांडणं आणि कायदा यावर प्रश्न मागवले होते. बहुतेकांनी फिरून फिरून एकच विचारलं आहे: "ॲडमिन म्हणून मला अटक होईल का?" ज्याला शिवी बसली त्याने काय करावं, हे फार थोड्यांनी. उत्तरं मुद्दाम त्या थोड्यांच्या बाजूला झुकली आहेत.

प्रश्न : दोन टिक निळ्या आणि तिसरी लाल झाली की सरकारने कारवाई सुरू केली, असा मेसेज फिरतोय. खरं का? (वाचक, कल्याण)

थाप आहे. व्हॉट्सॲपला तिसरी टिकच नाही.

प्रश्न : एक सभासद सोसायटीच्या ग्रुपवर कमिटीला रोज अर्वाच्य बोलतो. काढलं तर उपनिबंधकांकडे जाईन म्हणतो. (सचिव, डोंबिवली)

जाऊ द्या. ग्रुप म्हणजे गृहनिर्माण संस्था नव्हे. संस्थेतून सभासदाला काढायचं तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश बहुमत आणि वर निबंधकांची मंजुरी लागते. ग्रुपमधून काढायला यातलं काही नको. मात्र नंतर सभेची नोटीस, बिल, टाकी साफ करायची सूचना त्याला रीतसर पोचली पाहिजे. "ग्रुपवर टाकलं होतं" हे चालणार नाही. काढण्याआधी एक लेखी ताकीद द्या. नियम ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये असू द्या, आणि ते अध्यक्षांच्या मेहुण्यालाही लागू करा. उपविधी संस्थेच्या वकिलांना एकदा दाखवून घ्या.

प्रश्न : कलम ६६अ खाली तक्रार कशी करायची? (वाचक, जळगाव)

करता येत नाही. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, त्यातूनच तो लढा उभा राहिला. ज्याने तुम्हाला हे कलम सुचवलं, त्याला पुढचं काही विचारू नका.

प्रश्न : शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एकाने माझ्याबद्दल घाणेरडं लिहिलं. ॲडमिन म्हणतो, हायकोर्टाने ॲडमिनला मोकळं केलंय, तुमचं तुम्ही बघा. बाकीचे म्हणतात, कशाला वाढवतेस. (वाचक, सांगली)

हा निकाल मला इतक्या वेळा ऐकवला जातो की तो कुणी वाचलाच नसावा अशी शंका येते. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं. २०१६ मध्ये एका महिलेने तक्रार केली की सदस्याने ग्रुपवर तिच्याबद्दल अश्लाघ्य भाषा वापरली आणि ॲडमिनने ना त्याला काढलं, ना माफी मागायला लावली. १ मार्च २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ॲडमिनविरुद्धचा गुन्हा रद्द केला. आधी संगनमत होतं असं दिसत नसेल तर दुसऱ्याने लिहिल्याबद्दल ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. पण हा दिलासा ॲडमिनचा आहे. लिहिणाऱ्याला त्यातून काडीचंही संरक्षण मिळत नाही.

दुसरं असं की ॲडमिनच्या हातात सदस्य घेणं-काढणं यापलीकडे फारसं काही नसतं, हाही त्या निकालाचा एक आधार होता. २०२२ पासून ॲडमिनला कुणाचाही मेसेज सर्वांसाठी डिलीट करता येतो. हातात अधिकार आला की "मी काय करणार" हे रडगाणं किती काळ चालेल, याबद्दल मला शंका आहे. तो निकाल ताईतासारखा गळ्यात बांधून फिरू नये, हे माझं मत. तुमच्या ॲडमिनने वकिलाला विचारून खात्री करावी.

आता तुमचं. लिहिणाऱ्याला स्वतःचा मेसेज दोन दिवसांहून थोडा जास्त काळ मागे घेता येतो. ज्येष्ठ मंडळी समजुतीच्या गोष्टी करतात तेवढ्या वेळात पुरावा गेलेला असतो. म्हणून आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर, तारीख, वेळ दिसू द्या. मग चॅट एक्स्पोर्ट करा, आणि मगच ॲडमिनला मेसेज काढायला सांगा. रागाच्या भरात ग्रुप सोडून चॅट पुसू नका. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा. लैंगिक शेरेबाजीला भारतीय न्याय संहितेचं कलम ७५, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्दांना ७९. नेमकं कोणतं लागेल ते मजकूर वाचल्याशिवाय मी सांगणार नाही. याच आठवड्यात वकील गाठा किंवा सायबर पोलिसांकडे जा. बॅचच्या स्नेहमेळाव्यानंतर बघू, असं करू नका.

प्रश्न : बदनामीची पोस्ट हमखास हटवून देतो असं एक एजन्सी म्हणते. पैसे आगाऊ मागते. (व्यावसायिक, पुणे)

देऊ नका. दुसऱ्यांच्या फोनमध्ये पोचलेला मेसेज ती कुठून हटवणार? तक्रार नोंदवायची सोय ॲपमध्येच आहे, फुकट. "ॲडमिन सुरक्षा नियमावली" म्हणून जी पीडीएफ विकतात तीही घेऊ नका.

प्रश्न : चौदा महिन्यांपूर्वी मंडळाच्या ग्रुपवर "यानेच वर्गणी खाल्ली" असं लिहिलं गेलं. आता दावा करू का? (खजिनदार, नाशिक)

नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याची मुदत एक वर्ष. ती गेली. फौजदारी तक्रारीला तीन वर्षं आहेत, पण ती न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायची. अब्रुनुकसानी अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिस तपास करू शकत नाहीत; चौकीत हेलपाटे घालू नका. कागद घेऊन वकिलांकडे जा. तपासलेला हिशेब ग्रुपवर टाकला होता का, हे ते पहिल्यांदा विचारतील.

प्रश्न : शुभ सकाळचे मेसेज बंद करायला काही कायदा? (निवृत्त शिक्षक, सातारा)

नाही. ग्रुप सेटिंगमध्ये फक्त ॲडमिनने मेसेज पाठवण्याचा पर्याय २०१८ पासून आहे.