उशाशी बसून

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा एकाच ओळीपाशी थांबले. "मावशी, रात्री अडीच-तीनला जाग येते आणि 'एक दिवस मी नसणार' एवढं एकच वाक्य डोक्यात घणासारखं आदळत राहतं." मित्र जाऊन चार महिने झाले, तेव्हापासून हे सुरू आहे म्हणतोस. दिवसा काम होतं, हसणं-बोलणंही होतं, पण अंथरुणाला पाठ टेकली की छातीत धडधड सुरू. आई म्हणते प्रार्थना कर. तुझा देवावर विश्वास नाही आणि खोटे हात जोडायला मन धजत नाही. शेवटी विचारलंयस, ज्याला देव नाही त्याने काय धरायचं?

मी तीस वर्षं परिचारिका होते. त्यातली शेवटची अठरा वर्षं अशा वॉर्डात काढली, जिथून फार थोडी माणसं बरी होऊन घरी जात. तेव्हा मी पाहिलंय तेच सांगते.

आधी रात्रीचं बघू, कारण ते तातडीचं आहे. रात्री तीन वाजता या प्रश्नाचा विचार करायचा नाही. त्या वेळी तुझ्या डोक्यात जे चालतं तो विचार नसतोच, ती शरीराची धावपळ असते. घाबरलं की आपण नकळत भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळल्यासारखी वाटते. आणि आपल्याला वाटतं, हेच ते मरण, आलंच. अशा झटक्याचा कळस बहुधा दहा मिनिटांच्या आत येऊन जातो. उठून बस, दिवा लाव, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दे, आणि त्याला ओसरू दे. पहिल्यांदा झालं तेव्हा डॉक्टरांना दाखवून हृदय ठीक असल्याची खात्री करून घेतलीस, फार बरं केलंस. पण आता रोज नाडी मोजणं आणि इंटरनेटवर लक्षणं शोधणं बंद कर. असा दिलासा आज तासभर पुरतो, उद्या अर्धा तास, आणि परवा पुरतच नाही. आणखी महिनाभरात झोप सुधारली नाही तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, यात कमीपणा काही नाही. या भीतीवर बोलून, टप्प्याटप्प्याने तिला सामोरं जाऊन उपचार करता येतात. आणि कधी भीतीऐवजी जगणंच नको वाटायला लागलं, तर ते वेगळं प्रकरण आहे. तेव्हा पत्र लिहीत बसू नकोस, त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांग, मला फोन कर, दवाखान्यात जा.

आता दिवसा करायची गोष्ट. एका कागदावर "मी मेलो तर..." एवढं लिही आणि पुढचं वाक्य सुचेल तसं पूर्ण कर, दहा वेळा. मी वॉर्डात अनेकांना हे तोंडी विचारलंय, आणि प्रत्येकाच्या तोंडून निराळं निघालं. कुणाला गुदमरण्याची धास्ती, कुणाला मुलं लहान असल्याची, एका बाईंना बहिणीशी अबोला राहून गेला याची. सगळे म्हणायचे "मरणाची भीती", पण आत प्रत्येकाचं काही वेगळंच असायचं, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना इलाज असायचा. त्या बाईंच्या बहिणीला फोन लावला. ती आली. दोघी भांडल्या, मग रडल्या, आणि बाई त्या रात्री गोळीशिवाय झोपल्या. तुझ्या दहा वाक्यांपैकी सात-आठ अशीच इलाजाची निघतील असा माझा अंदाज आहे. राहिलेली दोन, म्हणजे निखळ नसण्याची भीती, तिला मात्र माझ्याकडे औषध नाही. ती माझ्यातही आहे. फक्त तिच्या अंगावरचं बाकीच्यांचं ओझं उतरलं की ती बरीच लहान दिसते.

देवाचं विचारलंस. माझा देवावर विश्वास आहे, हे तुला माहीत आहे. तरी श्रद्धा असली की भीती जाते असं मी तुला सांगणार नाही, कारण तसं मी पाहिलेलं नाही. अठराव्या शतकातले इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सन मोठे धर्मनिष्ठ होते, नेमाने प्रार्थना करायचे, आणि मरणाचा विषय निघाला की कासावीस व्हायचे. देवापुढे आपला हिशेब कसा लागेल, हीच त्यांची धास्ती. त्याच काळात एडिंबरोमध्ये डेव्हिड ह्यूम हे तत्त्वज्ञ मरणपंथाला लागले होते. परलोकावर त्यांचा विश्वास नव्हता. जॉन्सनचे मित्र बॉझवेल १७७६ च्या जुलैत ह्यूमना भेटायला गेले. मरण समोर दिसत असताना तरी हा गृहस्थ डळमळतो का, ते त्यांना बघायचं होतं. ह्यूम प्रसन्नपणे बोलले. जन्मण्याआधी मी नव्हतो याची जशी मला खंत नाही, तशीच पुढे नसण्याचीही नाही, अशा आशयाचं काहीतरी म्हणाले. अस्वस्थ होऊन बाहेर पडले ते श्रद्धाळू बॉझवेलच. ऑगस्टमध्ये ह्यूम गेले, तसेच शांतपणे.

मी हे दोन्ही प्रकार बघितलेत, आणि दोन्ही उलटेही. श्रद्धेने शांत झालेली माणसं पुष्कळ पाहिली. सगळ्यात जास्त हाल मी पाहिले ते भीतीपोटी घाईघाईने श्रद्धा ओढून घेणाऱ्यांचे. आत शंका, आणि शंका आली म्हणून वर अपराधीपणा. म्हणून आईला दुखवू नकोस, ती प्रार्थना करते तेव्हा हवं तर तिच्या शेजारी शांत बस, पण न वाटणारं वाटतंय असं स्वतःला पटवत बसू नकोस. आणि पुढेमागे तुझ्या मनात खरोखर श्रद्धा उगवली, तर शंका राहिली म्हणून ती खोटी समजू नकोस. कठोपनिषदात नचिकेता यमालाच विचारतो की माणूस मेल्यावर असतो की नसतो. त्यावर यम पहिल्यांदा काय म्हणतो? याबद्दल देवांनाही पूर्वी शंका होती, तू दुसरा काहीतरी वर माग. देवांना शंका येऊ शकते, मग आपण कोण.

युक्तिवादांविषयी थोडं. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचं ते प्रसिद्ध म्हणणं तू पत्रात लिहिलंयस, की आपण आहोत तोवर मरण नाही आणि मरण आहे तिथे आपण नाही. "पटतं, पण उपयोग होत नाही," असंही लिहिलंयस. बरोबर आहे, घाबरलेलं शरीर तर्क ऐकत नाही. पण त्याच एपिक्युरसची दुसरी गोष्ट मला जास्त उपयोगी पडली. इसवीसनपूर्व २७० मध्ये तो मूतखड्याच्या असह्य वेदनांनी गेला. शेवटच्या दिवशी मित्राला लिहिलेल्या पत्रात वेदना लपवल्या नाहीत. यापेक्षा जास्त दुखू शकत नाही, असंच लिहिलं. मग लिहिलं की आपल्या जुन्या गप्पांच्या आठवणींचा आनंद या सगळ्यासमोर उभा करतो आहे. आणि शेवटी, आधीच वारलेल्या एका मित्राच्या मुलांची काळजी घे, असं सांगितलं. मरणाला काही अर्थ नाही म्हणणारा माणूस शेवटच्या दिवशी दुसऱ्याच्या मुलांविषयी लिहीत होता.

आता जे मला खरं सांगायचंय ते.

मी चोवीस वर्षांची होते. नवीन होते आणि रात्रपाळी होती. एका आजोबांचे शेवटचे तास सुरू होते. घरचं कुणी पोचलं नव्हतं. त्यांनी माझा हात धरला आणि मी घाबरले, तुझ्यासारखीच. "नोंदी करून येते" म्हणून हात सोडवला आणि टेबलाशी जाऊन खरोखर नोंदी करत बसले. पंचवीस मिनिटांनी परत गेले तेव्हा ते गेले होते. मला कुणी काही बोललं नाही. कामात कसूर झाली असं कागदावर कुठेच नव्हतं. पण पुढची दोन वर्षं मला रात्री जाग यायची, आणि ते मरण मी पाहिलेलं नसल्यामुळे मन ते रोज नवनवं आणि जास्त भयंकर रंगवायचं.

त्या वेळच्या मोठ्या सिस्टरांनी ते ओळखलं. उपदेश केला नाही. एके रात्री एका बाईंच्या उशाशी मला बसवलं, हातात एक वाटी दिली, पाणी आणि कापसाचा बोळा. म्हणाल्या, "ओठ कोरडे पडतायत, ओले करत राहा. बाकी काही करायचं नाही." मी साडेतीन तास बसले. बोळा पाण्यात बुडवायचा, पिळायचा, खालच्या ओठावरून फिरवायचा. बाई बेशुद्ध होत्या, तरी ओठ किंचित हलायचे, लहान बाळाचे हलतात तसे. मग श्वासाची लय बदलली. काही श्वास खोल, मग उथळ, आणखी उथळ, आणि थांबला. मी मोजत होते. पंधरा, वीस, बावीस. परत एक मोठा श्वास. याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात हे मी पुस्तकात वाचलं होतं, समोर पहिल्यांदाच पाहत होते. घशात घरघर सुरू झाली. त्यानेही मी दचकले, तर सिस्टर म्हणाल्या, गिळायची ताकद राहिली नाही म्हणून तिथे पाणी साठतं. ऐकणाऱ्याला जेवढा त्रास होतो तेवढा त्यांना होत नाही. आणि बोलत राहा, ऐकू येत असेल. हे त्या अनुभवाने सांगत होत्या. पुढे २०२० मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी शेवटच्या तासांत निपचित पडलेल्या काही रुग्णांच्या मेंदूचे आलेख घेतले, तर त्यांतल्या काहींचा मेंदू आवाजांना प्रतिसाद देत होता. मला तेव्हा बोलायला काही सुचेना, म्हणून बाहेर पाऊस लागलाय असं सांगितलं. पहाटे एकदा श्वास थांबला. मी तीसपर्यंत मोजलं, साठपर्यंत मोजलं. बोळा हातातच होता.

त्या रात्रीनंतर माझी भीती गेली असं नाही, पण तिचा चेहरा बदलला. मी जे रंगवत होते त्यात कोणी ओरडत होतं, कुणी खेचून नेत होतं. समोर पाहिलं ते एक अवघड, थकवणारं, हळूहळू होणारं काम होतं, आणि त्यात मला करण्यासारखं काहीतरी होतं. लांबून बघणाऱ्याला मरण जास्त भयानक दिसतं, हे नंतर इतरांनाही आढळलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बरं न होणाऱ्या आजारातल्या माणसांचं खरं लेखन आणि "तुम्हाला असा आजार आहे असं समजून लिहा" असं सांगितलेल्या निरोगी माणसांचं लेखन शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. खऱ्या आजाऱ्यांच्या लेखनात नकारात्मक भावनांचे शब्द कमी होते.

सगळीच मरणं अशी शांत नसतात. तसं म्हणाले तर खोटं होईल. तुझा मित्र तर अचानक गेला, त्याच्या उशाशी बसायला कुणालाच मिळालं नाही. पण दुखण्याची धास्ती तुझ्या कागदावर असेल तर एवढं लक्षात ठेव. सिसिली सॉन्डर्स या बाईंनी १९६७ मध्ये लंडनला मरणासन्न रुग्णांसाठी हॉस्पिस सुरू केलं. आधी परिचारिका, मग समाजसेविका, मग मुद्दाम शिकून डॉक्टर झाल्या. दुखणं असह्य होईपर्यंत वाट न पाहता मॉर्फीन ठरलेल्या वेळी देत राहायचं, हा त्यांचा आग्रह. त्या स्वतः निष्ठावान ख्रिस्ती होत्या, पण त्यांच्याकडे कुठल्याही धर्माच्या आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्या, दोघांनाही सारखीच जागा असे. अशी सेवा आज सगळीकडे पोचलेली नाही, याची मला फार खंत आहे. पण वेदना कमी करता येतात हे मी शेकडो वेळा स्वतःच्या हातांनी केलंय.

एक गोष्ट तू पत्रात अगदी ओझरती लिहिलीयस, कंसात, तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटली. मित्र गेल्यापासून त्याच्या घरी गेला नाहीस. त्याच्या आईचे दोन फोन आले, उचलले नाहीस. "काय बोलणार" असं लिहिलंयस. मीही त्या रात्री टेबलाशी जाऊन नोंदीच करत बसले होते रे.

या रविवारी जा. सांत्वनाची वाक्यं पाठ करून नेऊ नकोस. त्याची एखादी गोष्ट ने, त्याच्या आईला ठाऊक नसलेली. तो तुझ्यासोबत कुठे गेला होता, कशावर हसला होता, तिच्याबद्दल काय म्हणाला होता. आईला मुलाविषयी नवं काही ऐकायला मिळेल असं आता कुणालाच वाटत नसतं, तिलाही नाही. ती रडेल. तू पण रडशील. लगेच उठू नकोस. घरातलं काही काम दिसलं तर कर.

आल्यावर मला लिही. रात्री तीनला जाग आलीच तर तेव्हाच लिही, मी पहाटे लवकर उठून वाचते.

तुझी,
मावशी