रबर लवचिक नसतं

माटुंग्याला पॉलिमर शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय : द्रावणात धड सैलही नाही आणि सळईसारखी ताठही नाही, अशा रेणूसाखळीला 'अर्धलवचिक' म्हणावं की 'अर्धताठर'?

अर्धलवचिक म्हणा. पण आधी 'लवचिक' रबरापासून सोडवा. 'रबर लवचिक असतं' हे क्लासमध्ये, बातम्यांत, जाहिरातींत ऐकून कान किटले. ताणून सोडल्यावर मूळ मापावर येणं ही स्थितिस्थापकता. लवचिक म्हणजे जे लवतं, वाकतं.

'लवणे' आलं संस्कृत 'नम्' (वाकणे) या धातूवरून. न चा ल होणं मराठीला नवं नाही : नवनीताचं लोणी झालं, निंबाचा लिंब झाला. म्हणून आपण लवून मुजरा करतो, म्हणून डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काहीतरी घडतं. नम्र आणि लवचिक ही सख्खी भावंडं!

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. साखळीचा ताठपणा प्रकाशाने जोखता येतो. ध्रुवक म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारी चकती. एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या अशा दोन ध्रुवकांमध्ये डीएनएचं द्रावण स्थिर असताना अंधार असतो. ते वाहू लागलं की साखळ्या प्रवाहाच्या दिशेने कलतात आणि उजेड दिसतो. हे द्विप्रणमन. प्रणमन म्हणजे एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना प्रकाशाचं वळणं (refraction); ते कंपनाच्या दिशेनुसार दोन प्रकारे झालं की द्विप्रणमन. प्र अधिक नम्! साखळी लवते, प्रकाश प्रणमतो, धातू एकच. असा शब्द हाताशी असताना शालेय पुस्तकांनी 'अपवर्तन' घेतलं, हे मला साफ अमान्य आहे. अपवर्तन म्हणजे जुन्या गणितात सामाईक भाजकाने भागून संख्या लहान करणं. परिभाषा देशभर एक हवी, हा त्यावरचा युक्तिवाद मला पटत नाही. त्यापायी मराठीने आपला नेमका शब्द का सोडावा?

दिशेनुसार बदलणाऱ्या या प्रकाशीय गुणाला विषमदिक्‌ता म्हणा. ताठ साखळीत शेजारचे दुवे एकाच दिशेला तोंड करून असतात, त्यामुळे त्यांची विषमदिक्‌ता साठत जाते. सैल गुंतवळ्यात ती एकमेकांना खोडते. साखळी आपली दिशा किती अंतर राखते, हे ताठपणाचं माप. क्राटकी आणि पोरोड या शास्त्रज्ञांनी 1949 साली त्याचं गणित मांडलं. जेमतेम 2 नॅनोमीटर जाडीच्या डीएनएसाठी हे अंतर सुमारे 50 नॅनोमीटर भरतं.

राहिला 'अर्धताठर'. ताठर म्हटलं की मराठी कानाला भूमिका आणि स्वभाव आठवतात. साखळीच्या गुणाला साधा 'ताठपणा' पुरतो.