रस्त्याकडेला मधमाशांसाठी काय लावायचं?

प्रश्न: कॉलनीसमोर सर्व्हिस रोडच्या कडेला लांबलचक मोकळी पट्टी आहे, सगळे म्हणतात बोगनवेल लावा, पण मला मधमाशा-फुलपाखरं यायला हवीत. काय लावू? (एक वाचक, इंदूर)

उत्तर: ताई, बोगनवेल दिसते छान, पण तिचा रंगीत भाग म्हणजे पानंच, खरं फूल आत इवलंसं, मधमाशीला तिथे फारसं काही मिळत नाही. त्यापेक्षा तुळस, कोरांटी, अडुळसा लावा आणि रुई आपोआप उगवली तर प्लीज उपटू नका, बिबळ्या कडवा फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं, पान उलटून बघा, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसेल, तीच पुढे फुलपाखरू होणार, म्हणून औषध अजिबात मारायचं नाही (रुईचा चीक मात्र डोळ्यात जाऊ देऊ नका). थोडी जमीन उघडीच ठेवा, कितीतरी एकट्या राहणाऱ्या मधमाशा मातीत बिळं करतात, सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकले की त्यांचं घरच गेलं. पावसाळ्यात टाकळा येईल, बी धरेपर्यंत कापू नका. मधल्या डिव्हायडरवर हे नको, गाड्यांना धडकतात बिचारी फुलपाखरं. आणि नगर निगमच्या उद्यान विभागाशी आधीच बोलून घ्या, म्हणजे ऐन फुलात कापणी होणार नाही.